पांढरा चहा: फायदे किती आणि ते पदरात कसे पाडून घ्यावेत

मराठी घरात कोणी ‘पांढरा चहा’ म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दूध जरा जास्तच पडलेला फिकट चहा येतो. या लेखातला पांढरा चहा तो नव्हे. त्याचा दुधाशी काडीचाही संबंध नाही, आणि कपात उतरणारा त्याचा रंगही पांढरा नसून वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा असतो. चहाच्या झुडपाच्या मिटलेल्या कोंबावर जी चंदेरी लव असते, तिच्यावरून हे नाव पडले आहे. गेल्या काही वर्षांत हा चहा आपल्याकडच्या दुकानांत आणि घरपोच सामान पोहोचवणाऱ्या सेवांवर सहज मिळू लागला आहे. डब्यावर वजन घटवण्यापासून सुरकुत्या घालवण्यापर्यंत बरीच आश्वासने छापलेली असतात. त्यांतली कोणती खरी, कोणती अर्धवट, आणि जो काही फायदा आहे तो मिळण्यासाठी चहा कसा निवडावा, कसा करावा व केव्हा प्यावा, हे येथे सांगायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: आपल्यासारख्या दुधासाखरेचा चहा पिणाऱ्यांना या चहाचा सर्वांत मोठा लाभ त्याच्या पानांपेक्षा, त्याच्यासोबत पोटात न जाणाऱ्या साखरेमुळे होतो.

हा चहा असतो तरी काय

पांढरा, हिरवा, पिवळा, ऊलॉंग, काळा आणि चीनमध्ये आंबवून मुरवलेला गडद चहा हे सहाही प्रकार एकाच वनस्पतीच्या पानांपासून होतात. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. गवती चहा किंवा जास्वंदीचा ‘चहा’ या वेगळ्या वनस्पती आहेत. एकाच पानापासून सहा प्रकार होण्याचे कारण तोडणीनंतरच्या प्रक्रियेत आहे. हिरव्या चहाची पाने तोडल्यावर लवकरच भाजतात किंवा वाफवतात, त्यामुळे पानांतली विकरे निकामी होतात आणि हिरवा रंग टिकतो. काळ्या चहाची पाने चिरडतात किंवा वळतात, त्यांतला रस हवेच्या संपर्कात येऊ देतात, आणि मग तो काळपट होतो. आपली रोजची दाणेदार चहापूड तर यंत्राच्या दातेरी रुळांतून चिरडून, फाडून आणि वळून केलेली असते; ही पद्धत १९३०च्या सुमारास आसामात निघाली. पांढऱ्या चहाच्या बाबतीत यांतले काहीच करत नाहीत. तोडलेले कोंब आणि पाने पसरून दोन-तीन दिवस कोमेजू देतात आणि नंतर मंद आचेवर वाळवतात. त्यामुळे ‘यावर कोणतीच प्रक्रिया झालेली नाही’ हे डब्यावरचे वाक्य थोडे फसवे आहे. कोमेजताना पान हळूहळू बदलत असते, आणि या चहाची हलकी गोडी व फुलांसारखा वास त्या संथ बदलातूनच येतो.

त्याचे मूळ घर चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचा फूजियान प्रांत. तेथील फूदिंग आणि झंगह ही दोन ठिकाणे या चहासाठी ओळखली जातात, आणि मोठ्या, लवदार कोंबांच्या ‘दा बाई’ जातींची झुडपे तेथे लावतात. नुसत्या कोंबांच्या चहाला ‘बाइहाव यिंझन’ म्हणतात, म्हणजे चंदेरी सुई. एक कोंब आणि त्याखालची एक-दोन पाने घेतली की ‘बाई मूदान’, पांढरे मूदान (पिओनी) फूल. त्यापेक्षा मोठी, जून पाने आली की ‘गोंगमेई’ आणि ‘शोमेई’. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण चव, किंमत, करण्याची रीत आणि पुढे येणारा फ्लोराइडचा मुद्दा हे सारे त्याच्याशी जोडलेले आहे. भारतात दार्जीलिंग, आसाम आणि निलगिरी येथेही आता पांढरा चहा होतो, आणि श्रीलंकेतली ‘सिल्व्हर टिप्स’ही त्याच पंगतीतली.

दावे कुठून आले

पानात काय असते ते आधी पाहू. चहाच्या कोवळ्या पानांत कॅटेचिन नावाची पॉलिफिनॉल द्रव्ये भरपूर असतात. त्यांच्यासोबत कॅफीन असते आणि थिॲनिन नावाचे, चहाला त्याची विशिष्ट चव देणारे अमिनो आम्लही असते. यांतल्या कॅटेचिनांना ‘अँटिऑक्सिडंट’, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना आवरणारी द्रव्ये, म्हणतात आणि तेथूनच जाहिरातींचा घोडा उधळतो.

पांढऱ्या चहाची विशेष कीर्ती झाली ती अमेरिकेतील ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या लायनस पॉलिंग संस्थेतील कामामुळे. मांस शिजवताना तयार होणारे एक घातक द्रव्य जिवाणूंच्या जनुकांत बिघाड करते. तो बिघाड रोखण्यात पांढऱ्या चहाचा अर्क हिरव्या चहाहून सरस ठरला, असे तेथील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे उंदरांवरही प्रयोग झाले. सुरकुत्यांच्या दाव्याचे मूळ लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठात आहे. तेथे २००९ मध्ये २१ वनस्पतींचे अर्क तपासले गेले आणि त्वचेला घट्ट व लवचिक ठेवणारी कोलॅजन व इलॅस्टिन ही प्रथिने तोडणाऱ्या विकरांना रोखण्यात पांढरा चहा आघाडीवर दिसला. त्याच वर्षी जर्मनीतील एका प्रसाधन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या चरबीच्या पेशी बशीत वाढवून त्यांवर पांढऱ्या चहाचा अर्क घातला. नव्या पेशींत चरबी साठण्याचे प्रमाण घटले आणि साठलेली चरबी विरघळण्यास चालना मिळाली. ‘पांढरा चहा चरबी जाळतो’ हे वाक्य बाजारात फिरते, त्याच्यामागे असे काम आहे.

हे तिन्ही प्रयोग खरे आहेत. फक्त त्यांतला एकही चहा पिणाऱ्या माणसावर झालेला नाही. बशीतल्या पेशीवर अर्क थेट पडतो. कपातला चहा मात्र जठर, आतडी आणि यकृत पार करून जातो, आणि कॅटेचिनांचा फार थोडा अंश रक्तापर्यंत पोहोचतो. म्हणून पेशींवरच्या प्रयोगावरून ‘महिन्यात चार किलो वजन कमी’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे बी पाहून आंब्यांच्या पेट्या मोजण्यासारखे आहे.

माणसांचा विचार केला तर चहाविषयीचे चांगले पुरावे प्रामुख्याने हिरव्या आणि काळ्या चहाचे आहेत. जपानमधील ओसाकी भागातल्या ४० हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत, जी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, जास्त हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही. ब्रिटनमधील सुमारे ५ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात, दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला, आणि हे बहुतेक काळा चहा पिणारे लोक होते. अशा पाहण्यांतून चहामुळेच आयुष्य वाढले असे सिद्ध होत नाही, कारण चहा पिणारे इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. तरी इतक्या मोठ्या संख्येत एकच कल दिसतो, तो अगदीच टाकाऊ नाही. पांढऱ्या चहात याच कुळातली द्रव्ये असल्यामुळे त्याचाही हृदय आणि रक्तवाहिन्यांना माफक उपयोग होत असावा, असे मानण्यास जागा आहे. ‘माफक’ हा शब्द येथे महत्त्वाचा. पांढऱ्या चहात हिरव्यापेक्षा नेहमीच जास्त कॅटेचिन असतात असेही नाही. झुडपाची जात, तोडणीचा हंगाम आणि कोमेजवण्याची रीत यांनुसार दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात.

आपल्या देशातला नियमही ठाऊक असावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दावे विषयक नियमांनुसार खाद्यपदार्थ रोग बरा करतो किंवा टाळतो असा दावा करण्यास मनाई आहे. एखाद्या डब्यावर ‘मधुमेहावर रामबाण’ असे दिसले, तर तो डबा जेथे आहे तेथेच राहू द्यावा.

साखरेचा हिशेब

आता माझा मूळ मुद्दा. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, ही आपल्याकडची काही अतिशयोक्ती नव्हे. अमृततुल्याच्या एका छोट्या कपातही साखर हात राखून घातलेली नसते. दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम धरले, तर दिवसाची साखर झाली ४० ग्रॅम, आणि वर्षाची साडेचौदा किलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, आणि ती ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक बरे. प्रौढ माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. म्हणजे गोडधोड, बिस्किटे आणि शीतपेये मोजण्याआधीच चहाने ही २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडलेली असते.

पांढरा चहा साखरेशिवाय पिता येतो. काळा कोरा चहा साखरेविना पिणे अनेकांना जमत नाही, कारण चिरडलेल्या दाण्यांतून कडू व तुरट द्रव्ये झपाट्याने उतरतात. पांढऱ्या चहाचे पान अखंड असते, ते सावकाश सुटते, आणि नीट केलेल्या कपाला स्वतःची हलकी गोडी असते. चारपैकी दोन कप जरी या चहाचे झाले, तरी रोजची २० ग्रॅम साखर वाचते. हा लाभ कोणत्याही प्रयोगशाळेच्या अर्कावर अवलंबून नाही. यात मध घालावा का, असे हमखास विचारले जाते. मधही याच हिशेबातली साखर आहे. घातलाच तर चहाचा उद्देश अर्धा वाया जातो.

विकत घेताना

पिशव्यांतला पांढरा चहा मी घेत नाही आणि घ्या असे सुचवतही नाही. साध्या छोट्या पिशवीत अखंड कोंब नीट मावत नाहीत, म्हणून बहुधा भुकटीच भरलेली असते. शिवाय अशा अनेक पिशव्यांत पांढऱ्या चहापेक्षा जास्वंद, डाळिंबाची चव आणि कृत्रिम वास यांचाच भरणा असतो. घटकांची यादी वाचावी. जो घटक वजनाने जास्त तो यादीत आधी येतो. सुटा चहा पारदर्शक पुडीत किंवा उघडून पाहता आला तर उत्तम. चंदेरी सुईत सगळे कोंब साधारण सारखे, भरीव आणि राखाडी-चंदेरी लवेने झाकलेले दिसतात. बाई मूदानात हिरवी, तपकिरी आणि चंदेरी अशी सरमिसळ असते, आणि ती तशीच असायला हवी. तळाशी खूप चुरा असेल किंवा वासात कुबटपणा असेल, तर पैसे जपावेत. डब्यावर तोडणीचे वर्ष, बागेचे किंवा प्रदेशाचे नाव आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा. दार्जीलिंगचा म्हणून विकला जात असेल, तर भौगोलिक मानांकनाचे (जीआय) बोधचिन्ह पाहावे.

किमतीने दचकायला होते, हे खरे. पण हिशेब वेगळा करावा लागतो. शंभर ग्रॅमच्या पुडीतून दोन-दोन ग्रॅमचे पन्नास डाव होतात, आणि प्रत्येक डावाला तीन वेळा पाणी घालता येते, म्हणजे दीडशे कप. सुरुवात करणाऱ्याने सर्वांत महागड्या चंदेरी सुईच्या मागे न लागता बाई मूदान घ्यावा. तो स्वस्त असतो, चवीला भरदार असतो आणि करताना थोडी चूक झाली तरी सांभाळून घेतो.

चीनमध्ये व्यापारी सांगतात की हा चहा एक वर्षाचा असेल तर चहा, तीन वर्षांचा झाला की औषध आणि सात वर्षांचा झाला की खजिना. आपल्याकडच्या ‘जुने ते सोने’सारखेच हे आहे, आणि जुना माल विकणाऱ्याला सोयीचेही. मुरलेल्या चहाची चव खरोखर खोल आणि वेगळी होते. मात्र साठवणीत कॅटेचिनांचे प्रमाण घटत जाते, त्यामुळे आरोग्यासाठी म्हणून जुन्या चहाला जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात घरी तो मुरवण्याचा प्रयोग तर करूच नये. खजिन्याऐवजी बुरशी मिळेल. हवाबंद, अपारदर्शक डब्यात, मसाल्याच्या डब्यापासून आणि ओट्याच्या वाफेपासून दूर ठेवावा आणि वर्षभरात संपवावा. लवदार पान वास फार पटकन धरते. हिंगाशेजारी महिनाभर ठेवलेला चहा मी एकदा प्यालो आहे, आणि त्याचे वर्णन न केलेलेच बरे.

करण्याची रीत

पहिली गोष्ट म्हणजे हा चहा उकळायचा नाही, काही मिनिटे गरम पाण्यात मुरू द्यायचा आहे. आपला हात आधणात चहापूड टाकून ती खळखळ उकळण्याला सरावलेला असतो. मीही पहिल्यांदा पातेल्यात आले किसून घालून तसेच केले, आणि महागामोलाच्या कोंबांचा कडवट काढा झाला. आले, वेलदोडा, गवती चहा हे सारे आपल्या जागी चांगले आहेत. या चहात ते घातले तर फक्त तेच लागतात.

पाणी मऊ हवे. मराठवाड्यात किंवा विदर्भात कूपनलिकेचे जड पाणी असेल, तर त्यात चहाचा रंग मळकट होतो, वर साय धरल्यासारखा तवंग येतो आणि वास दबतो. तेथे गाळणयंत्राचे पाणी वापरावे. पाणी एकदा उकळल्यावर आच बंद करून थोडे निवू द्यावे. चंदेरी सुईसाठी ८० ते ८५ अंश सेल्सिअस आणि बाई मूदानासाठी ८५ ते ९० अंश पुरे. शोमेईची जून पाने मात्र उकळते पाणीही सहज सोसतात. तापमापक नसेल तर उकळीचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतावे. प्रत्येक ओतण्याला साधारण ८ ते १० अंश उतरतात, म्हणजे दोनदा ओतले की सुईला योग्य होते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी मुळातच ९५-९६ अंशांना उकळते, तेथे एकदाच ओतले तरी चालते.

भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असावे आणि ते गरम पाण्याने विसळून घ्यावे. दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा घ्यावा. येथे चमचा दगा देतो, कारण हे पान फुगीर आणि हलके असते. दाणेदार पुडीचा सपाट चमचा आणि या कोंबांचा सपाट चमचा यांच्या वजनात फार फरक पडतो. घरात छोटा वजनकाटा असेल तर दोन-तीन दिवस मोजून घ्यावे, मग तीन बोटांच्या चिमटीला अंदाज येतो. वजनकाटा नसेल तर मोठा, शिगोशीग भरलेला जेवणाचा चमचा धरावा आणि पुढच्या कपाला चवीप्रमाणे कमीजास्त करावे.

पाणी पानांवर जोरात न ओतता कडेने सोडावे, झाकण ठेवावे आणि चार ते पाच मिनिटे थांबावे. दोन मिनिटांत रंग येत नाही म्हणून अनेक जण पान वाढवतात; तसे न करता वेळ द्यावा. मग गाळून पूर्ण रस काढून घ्यावा, पाने पाण्यात बुडालेली ठेवू नयेत. दुसऱ्या पाण्याला एखाद मिनिट जास्त आणि तिसऱ्याला सात-आठ मिनिटे लागतात. दुसरे पाणी पुष्कळदा पहिल्यापेक्षा चांगले लागते, कारण तोवर मिटलेला कोंब उघडलेला असतो. तीनही पाणी त्याच दिवशी, दोन-तीन तासांत संपवावीत; ओली पाने रात्रभर ठेवून सकाळी वापरू नयेत.

दूध घालू नये. चवीचे कारण तर उघडच आहे. शिवाय बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील २००७ च्या एका छोट्या प्रयोगात, ज्यात १६ स्त्रियांचा समावेश होता, काळ्या चहामुळे रक्तवाहिन्या सैलावण्याचा जो परिणाम दिसला, तो दूध घातल्यावर नाहीसा झाला. दुधातली केसीन प्रथिने कॅटेचिनांना बांधून ठेवतात, असे स्पष्टीकरण देण्यात आले. लिंबाचे दोन थेंब मात्र चालतात, चवीला पटत असतील तर.

आणि चहा ओतल्या ओतल्या तोंडाला लावू नये. ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दिला. इराणच्या गुलिस्तान प्रांतातील सुमारे ५० हजार लोकांच्या २०१९ च्या अभ्यासातही, ६० अंश आणि त्याहून गरम चहा रोज ७०० मिलिलिटर किंवा जास्त पिणाऱ्यांत हा धोका, कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या तुलनेत, ९० टक्क्यांनी अधिक दिसला. दोष पानाचा नसून तापमानाचा आहे. बशीत ओतून, फुंकर घालून पिणाऱ्या आपल्या आजोबांची सवय या बाबतीत शहाणपणाची होती. पांढरा चहा कोमट झाल्यावरच त्याचा वास खुलतो, त्यामुळे येथे चव आणि काळजी दोन्ही एकाच बाजूला आहेत.

थंड पाण्यातला पांढरा चहा

वैशाख वणव्यात गरम कप नकोसा होतो, आणि नेमक्या त्या वेळी या चहाची दुसरी रीत कामास येते. इटलीतील संशोधकांनी गरम पाण्यात काही मिनिटे आणि खोलीच्या तापमानाच्या पाण्यात दोन तास मुरवलेल्या चहांची तुलना केली, तेव्हा पांढऱ्या चहाच्या बाबतीत थंड पाण्यातल्या अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता अधिक आढळली. हाही प्रयोगशाळेतलाच आकडा, हे विसरू नये. पण थंड पाण्याने काही हरवत नाही एवढे त्यातून नक्की कळते. उकळून गार केलेले किंवा गाळलेले एक लिटर पाणी काचेच्या बाटलीत घ्यावे, त्यात पाच-सहा ग्रॅम चहा टाकावा, झाकण लावून सहा ते आठ तास शीतकपाटात ठेवावे आणि गाळून एका दिवसात संपवावे. उन्हाळ्यात बाटली ओट्यावर तासन्‌तास ठेवू नये. असा चहा तुरट लागत नाही, म्हणून घरातल्या साखरप्रेमी मंडळींना पहिल्यांदा हाच द्यावा.

केव्हा प्यावा आणि कोणी जपून राहावे

जेवणाला लागून चहा पिणे ही आपली जुनी खोड. चहातील पॉलिफिनॉल द्रव्ये धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोहाला बांधून ठेवतात आणि ते शरीराला मिळू देत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे म्हटले आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा घरांत हा एक तास पाळणे पांढऱ्या चहाच्या साऱ्या गुणांहून महत्त्वाचे आहे. लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी चहासोबत घेऊ नये, पाण्यासोबतच घ्यावी. रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी रोज बरेच कप सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पांढऱ्या चहात कॅफीन नसते किंवा नगण्य असते, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. कॅफीन हे झुडपाचे किडींपासून संरक्षण करणारे द्रव्य, आणि ते जून पानांपेक्षा कोवळ्या कोंबांत जास्त असते. कपात ते कमी उतरते किंवा जास्त, हे पानांचे वजन, पाण्याची उष्णता आणि वेळ यांवर ठरते. पोषण संस्थेची मार्गदर्शिका चहाच्या १५० मिलिलिटर कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगते. पांढऱ्या चहालाही हाच हिशेब लावावा म्हणजे चूक होत नाही. गर्भवतींसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०० मिलिग्रॅमची मर्यादा दिली आहे, म्हणून त्यांनी दिवसाला दोन कपांवर थांबावे. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातले निम्मे कॅफीन रात्री दहालाही अंगात असते, तेव्हा झोपेची तक्रार असणाऱ्यांनी दुपारी तीननंतरचा कप सोडावा.

फ्लोराइडचा मुद्दा आपल्याकडच्या काही जिल्ह्यांसाठी खास आहे. चहाचे झुडूप जमिनीतले फ्लोराइड ओढून पानांत साठवते आणि पान जितके जून तितके ते जास्त. चंद्रपूर आणि यवतमाळच्या ज्या गावांत पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तेथे शोमेईसारखा जून पानांचा चहा टाळून कोंबांचा घ्यावा, आणि मुख्य म्हणजे पाणी तपासून घ्यावे.

गोळ्या व भुकटीच्या रूपातले चहाचे अर्क वेगळ्या खात्यात मोडतात. युरोपीय संस्थेने २०१८ मध्ये हिरव्या चहाच्या अर्कांबाबत सांगितले की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी हे कॅटेचिन घेतल्यास यकृतावर ताण आल्याची चिन्हे दिसतात, तर पाण्यात केलेला नेहमीचा चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. वजन घटवण्यासाठी पांढऱ्या चहाच्या गोळ्या घेण्याचा विचार असेल, तर तो या माहितीनंतर सोडून द्यावा.

दिवसाचे वेळापत्रक हवे असेल तर ते असे बसते: सकाळचा पहिला चहा हवा तसा, आपल्या सवयीचा घ्यावा, कारण तो सोडण्याचा हट्ट धरला की आठवड्यात सारेच बारगळते. न्याहारीनंतर तासाभराने, कामाला बसताना, पांढऱ्या चहाचे पहिले पाणी घालावे. त्याच पानांवर दुसरे आणि तिसरे पाणी दुपारच्या जेवणाआधी तासभर संपवावे. तिसऱ्या पाण्यानंतर उरलेला चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकावा. दूधसाखरेच्या चहाचा चोथा धुऊन टाकावा लागतो, नाहीतर कुंडीभोवती मुंग्यांची रांग लागते. याला धुण्याची गरज नसते.